यादीत नसलेलं घर

४ जानेवारी, रविवार

उपाशीपोटी साखर १३८. डॉक्टरांनी रोजचा आकडा लिहून ठेवायला सांगितला म्हणून आमच्या पूर्वीनं ही डायरी आणून दिली. एवढुशा आकड्याला अख्खं पान! पस्तीस वर्षं रे रोडला लाकडाच्या वखारीत चलनं लिहिली, कोरा कागद वाया गेलेला मला बघवत नाही. तेव्हा उरलेल्या जागेत सुचेल ते लिहीन. लेक बापाची डायरी वाचणार नाही आणि बायकोला माझं लिहिणं पाहिलं की झोप येते. त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

आज माझा सत्कार झाला. खोलवणे ग्रामस्थ मंडळ, मुंबई, याचा मी सव्वीस वर्षं चिटणीस आहे, आणि सव्वीस वर्षांत कोणी मला साधं फूल दिलं नव्हतं. आज परळच्या शाळेचा हॉल भरला. शाल, नारळ आणि ही भली मोठी फ्रेम. कारण काय, तर वाघ! गावच्या वरच्या रानात सरकार वाघीण सोडणार आहे. सह्याद्रीतले वाघ जवळजवळ संपले, म्हणून चंद्रपूरकडे जिथे ते जास्त झालेत तिथल्या माद्या गाडीतून आणून इकडे सोडायच्या, असं धोरण आहे. त्यासाठी वनखात्याला घराघराची माहिती हवी होती. घर कुठे, माणसं किती, गुरं किती. ज्यांची नावं असतील त्यांना बंदिस्त गोठा मिळेल आणि वाघीण जवळ आली की फोनवर निरोप. गावात असं धड लिहिलेलं काही नव्हतं. सरपंच म्हणाले, यादी मुंबईला आहे, मंडळाकडे. ती मी दिली. एक्केचाळीस घरं, माझ्या हस्ताक्षरात. खात्यानं आभाराचं पत्र धाडलं. ते पत्र आणि यादी शेजारी शेजारी लावून मंडळानं फ्रेम केली.

अध्यक्ष जगदीशराव भाषणात म्हणाले, "वाघ आला की रस्ता आला, रस्ता आला की पाहुणे आले, आणि पाहुणे आले की आपली पोरं गावाला परत गेली!" टाळ्या. त्यांचा स्वतःचा मुलगा दोन वर्षं घरी बसून आहे, म्हणून आवाज जास्तच चढला होता.

घरी येताना मालन म्हणाली, "सगळी घरं आहेत ना हो त्यात?"

"एक्केचाळीस आहेत."

"किती ते नाही विचारलं. सगळी का, ते विचारलं."

आमच्या हिला कुठल्याही कार्यक्रमात खुसपट काढल्याशिवाय चैन पडत नाही.

७ जानेवारी, बुधवार

साखर १४४. सत्काराच्या पेढ्यांची.

फ्रेम लावली. हॉलमध्ये खिडकीसमोरच्या भिंतीवर खिळा आधीच होता. त्यावर दत्तूदादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, फोटो होता तो आतल्या खोलीत नेला. आत ऊन येत नाही, फोटो टिकेल. मालननं पाहिलं. मग भांडी जोरात घासली.

११ जानेवारी, रविवार

साखर बघितली नाही. बघावीशी वाटली नाही.

शिवाजी पार्कजवळच्या हॉलमध्ये मेघना मॅडमचं व्याख्यान होतं. वाघिणीचं सगळं काम बघणारी ही मुलगी, आमच्या पूर्वीच्याच वयाची, पण बोलायला लागली की कुणी पंखाही सुरू करायला उठत नाही. जंगलात वाघ का हवा, हे तिनं असं सांगितलं की माझ्या शेजारचे, रोज सकाळी पार्कात फिरायला येणारे दोन वकीलसाहेब मान डोलवत होते. मग पडद्यावर नकाशा लावला. आमचं गाव, आमची नदी, देऊळ. माझी कॉलर ताठ. वाघिणीला आणल्या आणल्या सोडत नाहीत म्हणे. आधी रानातच मोठं कुंपण घालतात, त्यात काही आठवडे ठेवतात, तिला जागा ओळखीची झाली की दार उघडतात.

"आणि कुंपण आपण इथे घातलंय," असं म्हणून तिनं काठी टेकवली. "कारण इथे खाली दोन किलोमीटरपर्यंत वस्ती नाही. मंडळाच्या यादीमुळे हे आम्हाला इतकं स्वच्छ कळलं."

काठी वरच्या वाडीच्या डोक्यावर होती. फणसाचं झाड, तीन पडकी जोती आणि एक उभं घर. त्या घरात काशीवहिनी राहते. दत्तूदादाची बायको. एकटी, एका गाईबरोबर.

मी हात वर केला. खरंच केला. मॅडम म्हणाली, "बोला काका." सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. जगदीशराव हसत हसत म्हणाले, "हेच ते, यादीवाले!" आणि माझ्या तोंडातून काय बाहेर पडावं? "वाघीण दिवसाला किती खाते हो?"

लोक हसले. तिनं उत्तर दिलं, तेही मला आठवत नाही. मी खाली बसलो. गणपत पाष्टे, चिटणीस, बस खाली.

१२ जानेवारी, सोमवार

काल जे झालं त्याचा नीट विचार केला. माझी चूक नाही. मंडळाची यादी ही मंडळाची यादी. तिच्यात पाच रकाने आहेत: घर, कुटुंबप्रमुख, माणसं, गुरं आणि मुंबईतली खोली. ज्याची मुंबईत खोली नाही त्याचं घर मंडळाच्या यादीत येत नाही, हा आमच्या आजोबांच्या काळापासूनचा नियम. लालबाग-परळच्या खोल्यांमधून गाव चालायचं तेव्हाचा. बाकी प्रत्येक घराचं माणूस कुठे ना कुठे मुंबईत आहे, वरच्या वाडीचंच नाही. ग्रामपंचायतीच्या कागदावरही वरची वाडी खालच्या वाडीतच धरलेली. मग माझा दोष कुठे? खात्यानं मागितली ती यादी मी दिली. तिथे कोण राहतं असं मला कोणी विचारलंच नाही.

असं लिहिल्यावर बरं वाटायला हवं होतं. साखर १६१.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत होती, म्हणून वहिनीला फोन केला. दरवर्षी मालन करते, मी नुसता मागून "नमस्कार सांग" म्हणतो. आज मी केला. वाडीत रेंज फक्त फणसाखाली, संध्याकाळी ती तिथे येऊन उभी राहते.

"भावोजी? तुमी? कोन गेलं काय?"

म्हटलं, कोणी गेलं नाही, तिळगूळ घ्या. मग डोळ्यांचं विचारलं. गेल्या शिमग्याला तिला ताटातला खडा दिसत नव्हता, ते मला आठवत होतं.

"धुकं हाय डोळ्यासमोर. पन पायाखालचं दिसतं. आनी काय बघायचंय मला?"

तेव्हाच ते डोक्यात आलं. तिला इथे आणावं. परळला हॉस्पिटलं ढिगानं पडलीत, डोळे करून घ्यावेत. चांगलंच काम आहे. एकटी म्हातारी बाई, मूलबाळ नाही, दीर म्हणून माझं कर्तव्यच. "या वहिनी, मोतीबिंदू काढून टाकू," म्हटलं. तिचा आवाजच बदलला. एवढ्या वर्षांत तिला मुंबईला ये असं मी कधी म्हटलं नव्हतं, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

ती इथे आली म्हणजे तिथे कोणी नाही. मग यादी बरोबर. हे मी आज लिहितोय, पण मुख्य कारण डोळेच.

१९ जानेवारी, सोमवार

वहिनी आली. परळच्या एसटी डेपोत उतरली तेव्हा एका हातात कुळथाच्या पिठाची पिशवी, दुसऱ्यात आमसुलं आणि कमरेला घराची किल्ली. गाय खालच्या वाडीत जाईबाईकडे बांधून आलीय. "तांबू गाभन हाय," असं तीन वेळा सांगितलं. शिमग्याच्या आसपास विणार.

आमच्या अकराव्या मजल्याच्या खिडकीशी उभी राहून तिनं खाली बघितलं. दिसत तर काही नसणार. मग विचारलं, "आपली खोली आता कुटं आली?"

म्हटलं, "वहिनी, चाळ पाडून हा टॉवर झाला. त्या खोलीच्या बदल्यातच हा फ्लॅट."

"म्हंजे खोली वर चढली!" आणि हसली. तिचं लग्न होऊन ती ज्या खोलीत आली, ती तेवीस नंबरची खोली. मी तेव्हा शाळेत. मला दोन वर्षं तिनंच डबा करून दिला. मग काही वर्षांनी गिरणीचा संप झाला, दत्तूदादा म्हणाला, "संप मिटला की येतो, तोवर तू खोली सांभाळ." तो गावी गेला. मी सांभाळली.

२३ जानेवारी, शुक्रवार

साखर १५५. डोळे तपासून झाले. मंगळवारी ऑपरेशन. पूर्वी ऑफिसातून रजा काढून काकीबरोबर जाणार आहे. तिचं ऑफिस त्याच गिरणीच्या जागेवर आहे जिथे दत्तूदादा कामाला होता. तिनं काकीला काचेची इमारत दाखवली. काकीनं विचारलं, "भोंगा वाजतो काय गो?"

आशीर्वाद ती सगळ्यांनाच देते, मला मात्र जास्त. "तुमी नसता तर आंधळी मेले असते, भावोजी." जेवताना म्हणाली. मालन माझ्याकडे बघत होती.

२८ जानेवारी, बुधवार

ऑपरेशन काल नीट झालं. आज पट्टी काढून काळा चष्मा दिला. डॉक्टर म्हणाले, दीड महिना चुलीचा धूर नाही, धूळ नाही, वाकणं नाही, ओझं नाही. दीड महिना! मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. वहिनीला वाटलं, तिच्या डोळ्यासाठी.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मेघना मॅडमचा फोन. वाघीण पोचली, कुंपणात आहे. प्रवासानं दोन दिवस काही खाल्लं नाही, काल खाल्लं. केवढी खुशीत होती पोरगी! पंचवीस तारखेला दार उघडणार.

मग म्हणाली, "काका, एक विचारायचं होतं. गार्ड वरच्या बाजूला जाऊन आला. चार घरांच्या खुणा दिसल्या, त्यातल्या एकाला कुलूप आहे. दिवाळीत आम्ही गेलो तेव्हाही बंदच होतं. तिथे कोणी राहत नाही ना?"

दिवाळीत वहिनी माहेरी जाते, दरवर्षी, आठ दिवस.

मी म्हटलं, "नाही. आता कोणी नाही."

हे खोटं नाही. आज, या घटकेला, तिथे कोणी नाही. वहिनी त्याच वेळी स्वयंपाकघरात मालनला कुळथाची पिठी कशी सैल करायची ते सांगत होती. मला तिचा आवाज ऐकू येत होता. फोनवरच्या मुलीलाही आला असेल.

साखर १९२.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काल डॉक्टरांनी चष्मा उतरवायला परवानगी दिली. आज सकाळी मी चहा घेत होतो आणि वहिनी हॉलमध्ये भिंतीसमोर उभी. चौथीपर्यंत शिकलेली आहे, पण बरीच वर्षं अक्षर दिसत नव्हतं. फ्रेमच्या काचेवर बोट ठेवून एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागली. कौतुकानं. "जाईबाय... हितेंद्राचं घर... गुरवाचं..." प्रत्येक नावाला काहीतरी बोलायची. याची म्हैस गेली, त्याच्या सुनेला मुलगी झाली. मी म्हटलं, "वहिनी, बसा, डोळ्याला ताण येईल." ऐकेना. पहिल्या नावापासून एक्केचाळीसपर्यंत. मग बोट परत वर नेऊन सगळं पुन्हा. या वेळी मनात वाचलं.

"आमचं नाय वाटतं," म्हणाली.

चहावर साय धरली होती, ती बघत बसलो.

मग तीच म्हणाली, आवाज न चढवता, "शिमग्याला पालखी येते नं आमच्याकडं. एका घरासाठी खालनं सगळी चढन चढून येतात. देवाला म्हाईत हाय आमचं घर. त्याआधी मला गेलं पायजे भावोजी. तांबूबी विल तेव्हा, तिला परक्या गोठ्यात नको."

पंचवीस तारखेला दार उघडणार. शिमगा तीन मार्चला. आता वहिनी मेली तर ती वाघिणीनं मारलेली नसेल, मी मारलेली असेल. हे वाक्य लिहून पाचदा खोडलं, पुन्हा लिहिलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

मालनला सगळं सांगितलं. वाटलं होतं रडेल, नाहीतर ओरडेल. तिनं हातातली भाजी खाली ठेवली आणि जे बोलली ते इथे लिहिणार नव्हतो. पण ही वही खरं लिहायला म्हणून घेतली.

"तुमच्या नियमाचं मला सांगू नका. दत्तूभावोजींचं नाव यादीत होतं. संपानंतर पंचवीस वर्षं होतं, तेवीस नंबर खोलीसकट. टॉवर ठरला, खोली कोणाची असं विचारायला माणूस आला, त्याच्या आदल्या आठवड्यात तुम्ही ते कापलंत. तांबड्या शाईनं. मी समोर बसले होते."

म्हटलं, "तेव्हा तू का नाही बोललीस?"

"मलाही फ्लॅट हवा होता," ती म्हणाली.

आत वहिनी पूर्वीचे केस विंचरत होती.

संध्याकाळी जगदीशरावांकडे गेलो, लालबागला. ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला. "गणपत, आता नाव घातलंस तर सगळं अडेल रे. रस्त्याची फाईल त्या वाघिणीच्या शेपटीला बांधलीय. जरा दम धर. दार उघडू दे, मग आपण पुरवणी यादी देऊ. तोवर वहिनीला ठेव की इथे, चार दिवस जास्त." माणूस वाईट नाही. मला जे करायचं होतं तेच तो बोलत होता, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती घाण वाटलं! "चार दिवस जास्त" म्हणत म्हणतच दत्तूदादाची पस्तीस वर्षं गेली. उठलो, चहा तसाच टाकून.

९ फेब्रुवारी, सोमवार

मेघना मॅडम मुंबईत आहे असं कळलं. सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटली. समोर क्रिकेटच्या जाळ्या लावत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसलो असतो तर जमलं नसतं.

ती आधी हसली, तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग तिचा चेहरा बघवेना.

"नकाशा मी तुमच्या अक्षरावर काढला, काका. ऑफिसात सगळ्यांना दाखवलं, बघा किती सुंदर यादी. आणि परवा मी तुम्हाला फोनवर विचारलं होतं. स्पष्ट विचारलं होतं."

"हो."

"वाघीण आता तिथून हलवता येणार नाही. पुन्हा बेशुद्ध करायचं, पुन्हा गाडी, मरून जाईल ती." तिनं फोन काढून तारखा बघितल्या. "दार उघडणं पुढे ढकलता येईल. तिथे गोठा बांधू, दिवे लावू, एक माणूस राखणीला ठेवू. पण त्यासाठी वस्ती आहे हे कागदावर यायला हवं. दुरुस्तीचं पत्र तुमच्या सहीनं द्या. अठराला आम्ही तपासणीला वर जाऊ. घर उघडं, चूल पेटती आणि माणूस राहतं असं दिसलं पाहिजे. कुलूप असेल तर मी काही करू शकत नाही. कागदही तुमचा, कुलूपही तुम्हीच लावलंत."

माझ्या मुलीच्या वयाची. कोणी मला इतकं बोललं नव्हतं, आणि एकही शब्द जास्त नव्हता.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वहिनीला वाघिणीचं आणि तपासणीचं सांगायचं ठरवलं आणि सांगितलं. ती पिशवी भरत होती. "अठराला उघडं घर दिसाया पायजे नं? मग मी उद्याच जाते." मी म्हटलं, अजून महिनाभर धूर चालणार नाही, नाहीतर ऑपरेशन फुकट जाईल. डॉक्टरांनी बजावलंय. ती चक्क चिडली. "तुमीच आनलंत, तुमीच आडवता!"

मग मी म्हटलं, "वहिनी, तुमचं नाव मी कापलं. यादीतून. खोलीसाठी."

"म्हाईत हाय."

"मालननं सांगितलं?"

"तिनं कशाला सांगायचं? तुमी त्या सालात नवी यादी गनपतीला देवळात लावलीवतीत. ह्यांनी वाचली. घरी येऊन बसले, पानी प्याले, म्हनाले, गनपतला खोली लागत असंल, त्याला पोरगी हाय. झालं. पुन्ना कंदी नाव काढलं नाय."

दत्तूदादा त्यानंतर दहा वर्षं जगला. दर शिमग्याला मी गेलो की स्टँडवर घ्यायला यायचा, माझी बॅग उचलायचा. त्याला माहीत होतं आणि तो माझी बॅग उचलत होता.

मी रडलो. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पूर्वीसमोर. वहिनीनं पदरानं माझं तोंड पुसलं, मी शाळेत जायचो तेव्हासारखं, आणि म्हणाली, "वाघीन येऊ दे की. आदी व्हतेच वाघ, आमचे सासरे वाघबारशीला नैवेद्य ठेवायचे. पन मी तितं ऱ्हाते हे तिला कोनी सांगाया नको?"

१२ फेब्रुवारी, गुरुवार

साखर १४९. मीच जातोय. आज दुपारच्या गाडीनं. घर उघडायचं, चूल पेटवायची, तांबूला जाईबाईकडून वर आणायचं आणि अठराला दारात उभं राहायचं. त्यानंतरही वहिनीचा दीड महिना भरेपर्यंत राहायचं, म्हणजे पालखीलाही मीच असेन. मालन म्हणाली, "तुम्हाला चूल पेटवता येते का?" नाही येत. जगदीशराव फोन उचलत नाहीत. मंडळ मला काढून टाकेल बहुतेक. कुंपणापलीकडे वाघीण असेल, तिचीही भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

वहिनीनं कमरेची किल्ली काढून दिली. आता हॉलमध्ये पंख्याखाली बसलीय, खिडकीशी. पूर्वीनं दत्तूदादाचा फोटो बाहेर आणून पुन्हा त्या खिळ्यावर लावला. फ्रेम पलंगाखाली.

सकाळी बसून नवी यादी लिहिली. सगळी घरं, आणि बेचाळिसावं. घर: वरची वाडी, फणसाजवळ. कुटुंबप्रमुख: काशीबाई दत्तू पाष्टे. माणसं: एक. गुरं: एक, गाभण. पाचवा रकाना आला आणि हात थांबला. मग लिहिलं: मुंबईतली खोली, क्रमांक तेवीस, आता फ्लॅट अकराशे चार. मूळ नाव दत्तू पाष्टे. खाली चिटणीस म्हणून माझी सही, मंडळाचा शिक्का.

वाचून दाखवू का, विचारलं. "आता दिसतं मला," म्हणाली आणि कागद घेऊन खिडकीशी गेली. बोट ठेवून वाचत खाली आली. शेवटच्या ओळीला बोट पाचव्या रकान्यावर थांबलं, आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

मग कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "भावोजी," ती म्हणाली, "शेन्या माळ्यावर हायत, कोरड्या बघून घ्या. वल्या घेतल्यात तर सगळं घर धूर करतंय."